नाण्याच्या फटीतून आलेलं ‘वर एक फुकट’

‘दोन घ्या, एक फुकट’ ही पाटी आपल्या इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे आपण आता धड पाहतही नाही. दुकानदाराने ही युक्ती केली तर त्यात नवल ते काय? त्याला तोंड आहे, डोळे आहेत, गिऱ्हाईक पाहून तो बोलू शकतो. मला कुतूहल आहे ते यंत्राचं. ज्याला तोंड नाही, ज्याला घासाघीस कळत नाही, ज्याला कित्येक वर्षं सुटे पैसेही परत देता येत नव्हते, ते यंत्र एका वस्तूबरोबर दुसरी वस्तू द्यायला कसं शिकलं? हल्ली विमानतळावर किंवा मोठ्या कार्यालयात वेंडिंग मशीनच्या काचेवर चिप्स आणि शीतपेय एकत्र घेतल्यास इतके रुपये कमी, अशी जाहिरात दिसते. ती पाहून मी मागे मागे जात राहिलो. तेव्हा लक्षात आलं की ह्या योजनेच्या मुळाशी उदारपणा कमी आणि नाण्याची अडचण जास्त आहे.

नाणं टाकून चालणाऱ्या यंत्राचं सर्वांत जुनं वर्णन सापडतं ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉन ह्या गणितज्ञाच्या ग्रंथात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात. देवळात हातपाय धुवायला तीर्थ देणारं ते यंत्र. वरच्या फटीतून पाच द्राख्माचं नाणं टाकलं की ते आतल्या तराजूसारख्या दांडीच्या एका टोकाला पडायचं, टोक खाली झुकायचं, झडप उघडून पाणी वाहायचं, आणि नाणं घसरून खाली पडलं की दांडी पूर्ववत होऊन पाणी बंद. जास्तीचं पाणी हवं तर दुसरं नाणं! भाविक कितीही गरजू असो, दांडीला त्याचं काय? यंत्राचा हा स्वभाव पुढे दोन हजार वर्षं बदललेला नाही.

व्यापारासाठी ह्या यंत्रांचा प्रसार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. 1883 च्या सुमारास लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट याने पोस्टकार्ड विकणारं यंत्र आणलं. 1888 मध्ये थॉमस ॲडम्सच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर ‘टुटी-फ्रुटी’ च्युइंगम विकणारी यंत्रं उभी केली. गाडीची वाट पाहणारा माणूस, खिशात एक सेंट, आणि समोर यंत्र. पण एकदा गम घेतलेल्या माणसाने पुन्हा त्याच यंत्राकडे का यावं? 1897 मध्ये पुल्व्हर कंपनीने ह्या प्रश्नाला छान उत्तर शोधलं. तिच्या यंत्रात लहान बाहुल्या बसवल्या होत्या. नाणं पडलं की त्या हलायच्या. म्हणजे एका सेंटमध्ये गम आणि वर घटकाभर करमणूक. तिकडे जर्मनीत कलोनच्या स्टोलवेर्क कंपनीने चॉकलेटची यंत्रं रेल्वे स्थानकांवर बसवली होती. ह्या कंपनीच्या चॉकलेटबरोबर रंगीत चित्रं मिळत. मुलं ती जमवून अल्बममध्ये चिकटवत, आणि राहिलेल्या चित्रांसाठी पुन्हा चॉकलेट घेत. ‘वर मिळणाऱ्या’ वस्तूचं खरं काम इथे उघड होतं. ती पहिल्या खरेदीचं बक्षीस म्हणून दिसते, पण तिची नजर दुसऱ्या खरेदीवर असते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. दुकानदार साडेपाच आणे, सव्वासहा आणे असा कसलाही भाव लावू शकतो. यंत्राची फट मात्र एकाच मापाची. अमेरिकेत हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीची ‘ऑटोमॅट’ नावाची भोजनगृहं होती. पहिलं 1902 मध्ये फिलाडेल्फियात उघडलं, न्यूयॉर्कमध्ये 1912 साली आलं, आणि शेवटचं 1991 मध्ये बंद झालं. तिथल्या नळातून पाच सेंटच्या एका नाण्यात, म्हणजे एका निकेलमध्ये, कपभर कॉफी मिळे. महागाई वाढली तरी किंमत वाढवता येईना, कारण पाच आणि दहा सेंटच्या मध्ये नाणंच नाही! शेवटी 1950 मध्ये कॉफी एकदम दहा सेंटची झाली. गिऱ्हाईक नाराज झालं, हे वेगळं सांगायला नको.

कोका-कोलाची गोष्ट ह्याहून रंजक. 1886 पासून ह्या पेयाची किंमत पाच सेंट होती आणि ती सत्तर वर्षं जवळजवळ तशीच राहिली. त्यामागे जाहिराती आणि जुने करार होतेच, पण निकेलवर चालणारी असंख्य यंत्रं हेही एक मोठं कारण होतं. 1953 मध्ये कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट वुड्रफ यांनी आपले स्नेही अध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नवं नाणं पाडण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. मग आणखी एक कल्पना पुढे आली. यंत्रात दर नऊ जागांमागे एक बाटली रिकामी ठेवायची. ज्याच्या वाट्याला ती येईल त्या दुर्दैवी माणसाने आणखी एक निकेल टाकावं. आठ बाटल्यांना नऊ निकेल, म्हणजे बाटलीमागे सरासरी साडेपाच सेंटच्या थोडं वर. भाव वाढला, पण पाटी मात्र पाच सेंटचीच! ही योजना देशभर कधी लागू झाली नाही. पण ती सुचली ह्यातच सारं आलं. ‘एकावर एक फुकट’ची ही अगदी उलटी बाजू. एकीकडे नाण्यामागे माल वाढतो, दुसरीकडे घटतो. नाणं तेवढं तेच राहतं.

सिगारेटच्या यंत्रांनी ह्यावर साधा तोडगा काढला. पाकीट तेवीस सेंटला, यंत्र घेणार पंचवीस सेंट, आणि दोन सेंटची नाणी पाकिटावरच्या पारदर्शक वेष्टनाच्या आत आधीच घालून ठेवलेली. सुट्या पैशांचीच वस्तूबरोबर जोडी लावलेली! यंत्राने दिलेली ही मला वाटतं सर्वांत प्रामाणिक ‘भेट’, कारण ती गिऱ्हाइकाचेच पैसे त्याला परत देत होती.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गोव्याच्या मासळीबाजारात हाच हिशेब कित्येक पिढ्या चालत आला आहे. सुंगटं, वेर्ल्या, तिसऱ्या ह्यांचे वाटे लावलेले असतात. वाट्याची किंमत ठरलेली. मासळी भरपूर आली तर वाटा फुगतो, वादळवाऱ्यात आटतो. भाव तोच दिसतो, बदलतो तो ढीग. म्हणजे आमच्या मासेविक्रेत्या बायकांना अर्थशास्त्राचा हा धडा कोणत्याही यंत्राच्या आधीपासून पाठ आहे. फरक एवढाच की वाटा उघड्यावर असतो. गिऱ्हाईक तो डोळ्यांनी पाहतं, शेजारच्या वाट्याशी ताडून बघतं, आणि ‘आनीक दोन घाल गो’ असं म्हणतं. ती कुरकुरते, आणि दोन घालते. हे वरचे दोन मासे कंपनीच्या योजनेतून आलेले नसतात. ते त्या दोघींमधल्या ओळखीतून, उद्याही येशील ह्या भरवशातून आलेले असतात. यंत्राजवळ हे दोन मासे कधीच नव्हते. त्याऐवजी त्याने आपल्याला बाहुली, चित्र आणि दोन सेंट दिले.

भारतात ह्या प्रकारचं यंत्र घरोघरी ठाऊक झालं ते वेगळ्याच रूपात. रेल्वे स्थानकांवरची वजनाची यंत्रं आठवतात ना? रंगीत दिवे लुकलुकताहेत, काचेआड लालपांढरी चकती गरगर फिरते आहे, आणि नाणं टाकलं की खट्ट आवाज करून पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि पुष्कळदा एखाद्या सिनेनटाचा किंवा नटीचा फोटो. एका नाण्यात तीन वस्तू! माझ्या लहानपणी प्रवासाला निघालो की आम्हा भावंडांचा ह्या यंत्रासाठी हट्ट असे. वजनाचं आम्हाला काय करायचं होतं? आम्हाला हवं होतं ते तिकीट. कुणाला कोणता नट आला आणि कुणाच्या नशिबात काय लिहिलंय, ह्याच्या चर्चेत पुढची दोन स्टेशनं जात. वजन ही गोष्ट माणूस एकदा बघेल, फार तर महिन्याने पुन्हा बघेल. नशीब मात्र लगेच पुन्हा बघावंसं वाटतं, विशेषतः पहिलं पसंत पडलं नसेल तर! यंत्र बनवणाऱ्याने हे बरोबर ओळखलं होतं. नावाला वजन, पण विकलं जात होतं ते कुतूहल.

कुतूहलाचा हा धंदा जपानने कळसाला नेला. अमेरिकेत 1930 च्या दशकातच गमच्या गोळ्यांमध्ये चिमुकली खेळणी मिसळलेली यंत्रं होती. तशा प्रकारची यंत्रं 1965 मध्ये जपानमध्ये गेली आणि तिथे खेळणी प्लॅस्टिकच्या कुपीत घालून विकली जाऊ लागली. 1977 मध्ये बांडाई ही खेळण्यांची बडी कंपनी ह्या व्यवसायात उतरली. कुपीत काय आहे ते घेण्याआधी कळत नाही. जपानमधल्या शीतपेयांच्या काही यंत्रांवर आकडे फिरणारी छोटी खिडकीही असते. पैसे टाकले की आकडे फिरतात. चारही सारखे आले तर आणखी एक डबा फुकट. 2000 साली त्या देशात सर्व प्रकारची मिळून सुमारे 56 लाख विक्रीयंत्रं होती. तो त्यांच्या संख्येचा शिखरकाळ मानला जातो.

त्याच सुमारास एक वादळ उठलं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 1999 मध्ये कोका-कोलाचे प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी ब्राझीलच्या एका साप्ताहिकाला मुलाखत देताना असा विचार मांडला की उन्हाळ्याच्या दिवशी थंड पेयाची गरज वाढते, तर यंत्राने त्या वेळी किंमत वाढवणं रास्तच आहे. लोक खवळले. तहानलेल्या माणसाकडून जास्त पैसे? कंपनीला सारवासारव करावी लागली. आता गंमत पाहा, हीच गोष्ट उलटी करून ‘थंडीच्या दिवशी पेयावर सवलत’ अशी सांगितली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. हिशेब तोच, पाटी वेगळी. सवलत हा शब्द किती पांघरूण घालू शकतो ते इथे कळतं.

आज यंत्राला नाण्याची फट लागत नाही. आपल्याकडे 2016 मध्ये युपीआय आलं आणि चौकोनी चित्र मोबाइलने टिपून पैसे देणं चहाच्या गाड्यापर्यंत पोचलं. साडेसात सेंटच्या नाण्यासाठी अध्यक्षांना साकडं घालण्याची आता गरज नाही. यंत्र कोणताही भाव मागू शकतं, दुपारी एक आणि संध्याकाळी एक लावू शकतं, कोणत्याही दोन वस्तूंची जोडी करू शकतं. म्हणजे ज्या अडचणीतून ह्या जोड्या जन्मल्या ती अडचण संपली, पण जोड्या मात्र वाढल्या! कारण उघड आहे. दोन वस्तू एकत्र बांधल्या की एकेकीची किंमत डोळ्यांआड होते. ज्याला फक्त पाण्याची बाटली हवी आहे तो दहा रुपये ‘वाचवायला’ चिप्सचे वीस रुपये खर्च करतो.

आपल्या देशात एक आधार आहे. पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने सक्तीचं आहे आणि तिच्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत. वेंडिंग मशीनमधला मालही पाकीटबंदच असतो. पण काचेआडच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणार कोण? यंत्रावर ठळक दिसतो तो जोडीचा भाव आणि वाचलेल्या पैशांचा आकडा. तेव्हा निदान जोडीच्या भावाशेजारी प्रत्येक वस्तूची छापील किंमत तेवढ्याच ठळक अक्षरांत असावी, एवढी मागणी करायला काय हरकत आहे? मासे घेताना आपण दोन वाटे शेजारी ठेवून पाहतो. यंत्रासमोरही तेवढा हक्क आपल्याला हवा. ते आपल्याशी बोलणार नाही, हे मान्य. पण निदान त्याने आपल्याला नीट पाहू तरी द्यावं.