निळा उजेड, हिरवा उजेड

म्हैसूर म्हटलं की राजवाडा आणि दसरा. आज त्याऐवजी चेलुवांबा मॅन्शनमध्ये जाऊ. राजकन्येसाठी बांधलेल्या या हवेलीत १९५० साली सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. शेंगदाण्याचं आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून गरिबांसाठी स्वस्त प्रथिनांचं 'मल्टिपर्पज फूड' इथंच घडलं.

मग १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीला बुरशी लागली होती. त्या विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली निळं चमकतं ते 'बी', हिरवं चमकतं ते 'जी'. इंग्रजी रंगांची आद्याक्षरं. विषाचं बारसंच उजेडानं केलं! ज्यांच्या पिठाचा आधारच शेंगदाणा, त्या म्हैसूरला ही बातमी परकी नव्हती.

१९७४ च्या शेवटी बांसवाडा आणि पंचमहालमध्ये पावसात भिजलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. बहुतेक आदिवासी. घरची कुत्रीही आजारी पडली. हे विष साध्या रांधण्यानं जात नाही. ओळखण्याचा दिवा तर तेव्हाही होता, पण प्रयोगशाळेत. फौजी भाषेत सांगायचं तर दुर्बीण मुख्यालयात, शत्रू चौकीवर.

आणि दिव्यालाही भूल पडते. धान्यातले इतर पदार्थही चमकतात. त्यावर उपाय म्हणजे प्रतिपिंड: नेमक्या रेणूलाच पकडणारं प्रथिन. त्याला जोडलेलं विकर ल्युमिनॉलमधून उजेड काढतं आणि यंत्र तो मोजतं. स्पर्धेच्या पद्धतीत विष जितकं जास्त, तितका उजेड कमी. ल्युमिनॉलच्या या उजेडाचं वर्णन झालं १९२८ साली, म्हणजे रामन परिणामाच्याच वर्षी.

सीएफटीआरआयमध्ये एम. एस. ठाकूर आणि सहकाऱ्यांनी हाच मार्ग कीटकनाशकांसाठी धरला. २००९-१० च्या सुमारास त्यांनी क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक वापरून मिथाइल पॅराथिऑन आणि २,४-डी शोधून दाखवलं. माझ्या मते ही कामगिरी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

एक अडचण मात्र सेन्सरच्या बाहेरची आहे. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही; हजारो दाण्यांत दोन-चार दाणेच विषानं भरलेले असतात. म्हणून आजही तपासनीस पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुने काढतो, सगळं एकत्र दळतो आणि मगच त्यातली चिमूटभर यंत्रात घालतो.