थ्यूसिडिडीझचे एक वाक्य

ग्रीक इतिहासाशी आमचा परिचय शाळेत झाला नाही. तो वाचनालयात, पाळी सुटल्यावर झाला. हीरॉडोटसच्या कथा आम्हांस गोड वाटल्या, पण मनात घर केले ते थ्यूसिडिडीझने. इ. स. पूर्व ४२४ मध्ये ॲम्फिपोलिस हातचे गेले, म्हणून अथेन्सच्या या सेनानीला २० वर्षे हद्दपारी भोगावी लागली. त्या काळात त्याने दोन्ही पक्षांकडून माहिती मिळविली. एकाच घटनेचे साक्षीदार निरनिराळे सांगतात, कोणी पक्षपाताने, कोणी विस्मरणाने, असे तो म्हणतो. संपाच्या चौकशीत बसलेल्या आम्हांला हे कोणी पटवून द्यावयास नको.

तथापि एका वाक्यापाशी आम्ही थबकतो. इ. स. पूर्व ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलियास ठाणे दिले. त्यानंतर अथेन्सचे २० हजारांहून अधिक गुलाम पळाले, त्यांत बहुतेक कारागीर होते. ही नोंद येते ती अथेन्सच्या नुकसानीच्या यादीत. पळालेल्यांपैकी एकाचीही साक्ष तीत नाही. थ्रेसमधील सोन्याच्या खाणींचे हक्क आपल्याकडे होते, हेही तोच सांगतो!

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या, इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका ग्रीक इतिहासाच्या तुकड्यांत मात्र असे आहे की, त्या युद्धात थीब्जच्या लोकांनी गुलाम स्वस्तात विकत घेतले. म्हणजे पळालेल्यांतील कित्येकांच्या नशिबी पुन्हा धनीच आला असावा.

म्हणून थ्यूसिडिडीझला टाकून देऊ नये; साक्ष तपासण्याची त्याचीच कसोटी त्याला लावावी. आणि आपल्या सभांची इतिवृत्ते आपणच जपावीत.