कापूस, कागद आणि छायाचित्र

अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा अर्वाचीन इतिहास लिहूं जातां लेखणी आपोआप कापसाकडे वळते. सन १८२५-२६ मध्यें वऱ्हाडचा कापूस मुंबईस प्रथम रवाना झाला तो ५०० बैलांच्या पाठीवर, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. १८५३ त प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला. १८६१ त अमेरिकेंत यादवी सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेना, तेव्हां त्यांची दृष्टि इकडे लागली. १८६७ त अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोंचली आणि बैलांचे तांडे मागें पडले.

या कापसाचे दोन वंशज सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. पहिला हातकागद. जुनीं मराठी दप्तरें दौलताबादी, जुन्नरी अशा हातकागदांवर लिहिलीं जात. चिंध्या, जुने दोर यांचा लगदा पाण्यांत कालवून कागदी त्यांतून चाळणीनें ताव उचली, वाळवी, खळ लावी आणि दगडानें घोटी. फाटक्या वस्त्रास अशा रीतीनें वहीचा जन्म लाभे. दुसरा वंशज छायाचित्र. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ त प्रसिद्ध केलेल्या रीतींत तीव्र आम्लांचा संस्कार केलेला कापूस ईथर व मद्यार्क यांत विरघळवून तो रस काचेवर पसरीत. १८८९ त ईस्टमननें विकावयास काढलेल्या पारदर्शक फिल्मचें अंगही त्याच जातीच्या द्रव्याचें होतें. तींत वऱ्हाडचाच कापूस होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्यानें तें पीक काढलें तो फोटोग्राफरापुढें उभा राहिला, तेव्हां आपल्याच पिकाचा गोतावळा या पेटींत आहे, हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं.

यंत्र वापरणें म्हणजे परावलंबन नव्हे. ज्याचें मर्म आपणांस ठाऊक नाहीं त्यावांचून आपलें पाऊल न उचलणें, हें परावलंबन होय. अमरावतीच्या शेजारीं वर्ध्यास १९३४ त अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या उद्योगांत हातकागदासही स्थान मिळालें. गिरणीच्या कागदाशीं स्वस्ताईंत त्याचा टिकाव लागणार नव्हता, हें उघड होतें. त्याचें मोल निराळें होतें: करणाऱ्याच्या हातास पहिल्या चिंधीपासून शेवटच्या तावापर्यंतची सारी वाट ठाऊक होती.

१९४६ त मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार बाई पुण्यास गांधीजींचें चित्र घेण्यास आली. आधीं सूत कातावयास शिका, अशी अट तिला घालण्यांत आली! तीनच झगमगते दिवे वापरण्याची मुभा मिळाली. दोन वायां गेले, तिसऱ्यानें चित्र साधलें. चरख्यापाशीं बसून वाचणाऱ्या गांधीजींचें तें चित्र पुढें जगप्रसिद्ध झालें. यांत यंत्राचा धिक्कार आम्हांस दिसत नाहीं. चरखा हेंही यंत्रच, आणि कॅमेऱ्यास दार बंद केलें गेलें नाहीं. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याचें काम आधीं हातानें समजून घ्या, एवढाच त्या अटीचा अर्थ.

आज छायाचित्र खिशांतील फोनांत निघतें. त्यास ना कापूस लागतो ना कागद, आणि त्याचें पोट उघडून पाहण्याची सोय तर कोणासच नाहीं. म्हणून अकोल्या-अमरावतीच्या शाळांतून मुलांनीं वर्षांतून एकदां चिंध्यांचा ताव काढावा आणि त्यावर आपल्या गांवच्या कापसाची हकीकत लिहावी, असें आम्हांस वाटतें. तो ताव वांकडातिकडा निघेल. पण तो कशाचा झाला, हें त्या मुलास कोणास विचारावें लागणार नाहीं.