निळीच्या रांजणातलं गोकुळ

मालेगावच्या मागांचा इतिहास सांगताना आपण विणकराचं नाव घेतो, रंगाऱ्याला विसरतो. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मोसम नदीच्या काठी स्थिरावले, लुगड्यांमुळे गावाचं नाव झालं. त्या काळी सुताला पक्का निळा रंग हवा तर नीळच लागे, आणि महाराष्ट्रात ते काम निराळी जातीच्या रंगाऱ्यांचं.

मी जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष मागापेक्षा रांजणाकडे जास्त. नीळ पाण्यात विरघळत नाही. नुसती कालवून सूत बुडवलं तर पहिल्या धुण्यात रंग गेलाच. म्हणून नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं उकडलेलं बी एकत्र आंबत ठेवायचं. पाणी हिरवट-पिवळं झालं, वर तांबूस झाक असलेला फेस धरला, की सूत आत. बाहेर काढावं तर पिवळट हिरवं, आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं!

करामत जिवाणूंची, पण एकट्यादुकट्याची नव्हे. १९९९ साली इंग्लंडातल्या संशोधकांनी जुन्या युरोपीय पद्धतीच्या निळीच्या हौदातून वेगळ्या काढलेल्या जिवाणूला ‘क्लॉस्ट्रिडियम आयसाटिडिस’ हे नाव दिलं. पुढे जपानात इसाओ युमोतो आणि सहकाऱ्यांनी तिथली आंबवण तपासली, तेव्हा आत गोकुळच नांदताना दिसलं. आधी प्राणवायू खाणारे येतात आणि तो संपवतात. मग ज्यांना त्याचं वावडं, त्यांचं राज्य. नीळ विरघळायची तर तिला इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. पण निळीचा कण जिवाणूच्या पोटात मावत नाही, म्हणून ते पेशीबाहेरच द्यावे लागतात. शिवाय गुळावर पोसलेली मंडळी आम्ल सोडतात. क्षार उतरला तर विरघळलेली नीळ पुन्हा साका होऊन बसते. चुना जास्त पडला तर जिवाणूच मरगळतात. निराळी हा तोल वासावर आणि रंगावर सांभाळत. माझ्या प्रयोगशाळेत त्यासाठी पीएच मीटर होता, तरी विद्यार्थी चुकत. या कसबाला नुसतं ‘परंपरागत’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

१८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. पाठोपाठ हायड्रोसल्फाइटची पूड आली. रांजणाला दिवस लागत ते काम तिने मिनिटांवर आणलं. आज डेनिमचं सूत असंच रंगतं, आणि मागे उरलेलं सल्फेटचं पाणी कारखान्यांची डोकेदुखी होऊन बसलंय. म्हणून तर जिवाणूंकडून नीळ विरघळवण्यावर पुन्हा संशोधन चाललंय. मालेगावात मात्र आता यंत्रमागांवर बहुतेक कोरंच कापड निघतं. रंगाईला ते राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याकडे जातं.