पाच किलोंचा अटलांटिक

11 ऑगस्ट 2003 च्या दुपारी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लिफडेन गावाजवळच्या मॅनिन बीचवर, काही माणसं समुद्राकडे डोळे लावून उभी होती. त्यांना वाट होती एका खेळण्यातल्या म्हणाव्या अशा विमानाची. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सहा फूट, अंग बाल्सा लाकडाचं, वर पातळ प्लास्टिकचं आवरण. 38 तास 52 मिनिटांपूर्वी ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप स्पियरहून निघालं होतं. अंतर सुमारे 3,028 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते बँकॉक.

ते उतरलं. अटलांटिक ओलांडणारं ते पहिलं मॉडेल विमान.

ते घडवणारे मेनार्ड हिल तेव्हा 77 वर्षांचे होते. त्यांची दृष्टी जवळपास गेली होती आणि ऐकूही फार कमी येत असे. पेशाने ते धातुशास्त्रज्ञ. मॉडेल विमानांचे अनेक जागतिक विक्रम त्यांच्या नावावर होते, पण हा समुद्र राहिला होता. 2002 पासूनचे आधीचे प्रयत्न फसले होते. हे 'टॅम-5', पाचवं.

विक्रमाच्या नियमानुसार इंधनासकट वजन 5 किलोंच्या आत हवं. सगळं डिझाइन या एका आकड्यातून निघालं. विमान रिकामं असताना पावणेतीन किलोंच्या आसपास. उरलेल्या सव्वादोन किलोंत बसेल तेवढं इंधन, म्हणजे एका गॅलनहूनही कमी. अशा छोट्या इंजिनांत एरवी मिथेनॉलचं मिश्रण जाळतात. पण एक किलो मिथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा पेट्रोलजन्य इंधनाच्या निम्म्याहून कमी असते. म्हणून हिलनी कंदील-स्टोव्हसाठी मिळणारं कोलमन इंधन घेतलं आणि 10 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन त्यावर थेंबाथेंबाने चालेल असं केलं. सरासरी वेग ताशी 78 किलोमीटर पडला. आपल्याकडे हायवेवरची एसटीही साधारण एवढ्याच वेगाने जाते.

हे वाचताना मला आमचं विमान आठवतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी एक आरसी विमान बनवलं होतं. पंखाचा सांधा लवचिक वाटला, म्हणून आम्ही अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली. त्याने शेपटीकडचा भार वाढला, म्हणून नाकात वजन भरलं. मग मोटर कमी पडली, मोठी घेतली. तिला मोठी बॅटरी लागली. त्या बॅटरीच्या वजनाने पुन्हा सांध्याची काळजी. प्रत्येक दुरुस्ती आपापल्या जागी बरोबर होती. विमान मैदानभर धावलं, पुरुषभर उंच उठलं आणि नाकावर आपटलं. आज कोडमध्ये एका बगवर दुसरा पॅच चढवताना मला तीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसते. हिलकडे पट्टी लावायची सोयच नव्हती. एक ग्रॅम लाकूड वाढलं, की एक ग्रॅम इंधन गेलं. आणि इंधन म्हणजे किनारा.

आणखी एक गोष्ट. रिमोटचा पल्ला नजरेपुरता. हिलनी विमान हाताने हवेत फेकलं, पायलटने रिमोटवर ते वर नेलं आणि मग ऑटोपायलट चालू केला. पुढे जीपीएसच्या आधाराने दोन रात्री ते एकटंच उडालं. उपग्रहाकडून ठावठिकाणा कळे, पण चुकलं तर करण्यासारखं काहीच नव्हतं. आयर्लंडमध्ये ते नजरेत आल्यावर डेव्ह ब्राउन यांनी रिमोट घेतला आणि खाली उतरवलं. ज्याने बनवलं त्याला ते उडताना नीट दिसतही नव्हतं. त्याचं सगळं काम फेकण्याआधीच संपलं होतं.

केप स्पियरजवळच्या सेंट जॉन्सहून जून 1919 मध्ये अल्कॉक आणि ब्राउन (हे वेगळे ब्राउन) निघाले होते आणि क्लिफडेनजवळच उतरले होते. कुठेही न थांबता विमानाने अटलांटिक पार करणारे ते पहिले. त्यांचं विमान दलदलीत नाक खुपसून थांबलं. 84 वर्षांनी त्याच वाटेने आलेलं पाच किलोंचं विमान मात्र नीट टेकलं. टाकीत थोडंसंच इंधन उरलं होतं.

हिल 2011 मध्ये वारले. आमच्या विमानाचा पंख अजून घरी माळ्यावर आहे. परवा काढून वजन करायला घेतला. बनवताना ते आम्ही एकदाही केलं नव्हतं.