ढोकीचा मुलूख आणि न दुखणारी गाठ

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे: एक तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि दुसरी, त्याच्याही पुष्कळ आधीची, बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उतरलेला अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८९७ साली बार्शीपर्यंत आला आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचला; या वाटेत त्याने दोन सरकारांची सरहद्द ओलांडली. कारण बार्शी मुंबई इलाख्यात होती आणि ढोकी, तडवळे, मुरूड ही गावे निजामाच्या अंमलाखाली. १९४८ च्या सप्टेंबरात तो अंमल संपला, पुढे जिल्ह्याचे नावही पालटले, परंतु ढोकीच्या माणसाची बार्शीकडे पाहण्याची सवय काही पालटली नाही. धान्य विकायला बार्शी, कापड घ्यायला बार्शी, आणि दुखणे हाताबाहेर गेले की दाखवायलाही बार्शीच, हा या मुलखाचा जुना रिवाज आहे. कर्करोगाच्या अभ्यासात या रिवाजाला पुढे जे महत्त्व आले त्याची हकीकत जितकी गौरवाची तितकीच एका बाजूने अपुरी आहे; कारण ज्या मुलखाने स्त्रियांच्या कर्करोगाविषयी जगाला धडा दिला, त्याच मुलखात पुरुषाने आपल्या गुह्य अवयवांकडे रोगाच्या दृष्टीने कधी पाहावे, ही गोष्ट चावडीवर, तालमीत किंवा घरात कोणी बोलल्याचे आढळत नाही.

हा संकोच आपल्याकडे अनादिकाळापासून आहे, अशी आपली समजूत असते. परंतु सुश्रुतसंहिता उघडून पाहिली तर ती टिकत नाही. निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात सुश्रुताने वृषणाच्या सुजेचे, म्हणजे ‘वृद्धी’चे, सात प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि आंत्रज. यांपैकी कफज वृद्धी कठीण, स्पर्शाला थंड आणि अल्प वेदनेची असते असे तो नोंदवतो. आणि कठीण की मऊ, थंड की उष्ण, हे तर हात लावल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही. मूत्रज वृद्धीत शस्त्राने छिद्र पाडून नळीवाटे पाणी काढण्याचा विधीही त्याने चिकित्सास्थानात दिला आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात ‘अर्बुद’ या विकाराचे वर्णन येते: गोल, स्थिर, खोल मूळ धरलेली, थोडी दुखणारी, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. आजच्या कर्करोगतज्ज्ञाला त्यात फारसे खोडून काढण्यासारखे सापडणार नाही. वैद्याचा हात आणि वैद्याचे डोळे या अवयवापर्यंत निःसंकोच पोहोचत होते, एवढे या दोन अध्यायांवरून निश्चितपणे म्हणता येते.

खेड्यात मात्र शास्त्रापेक्षा समजुतीचाच अंमल अधिक चालला. आतड्याचा भाग खाली उतरला की ‘आंतरगळ’, पिशवीत पाणी भरले की ‘अंडवृद्धी’, आणि दोहोंचे कारण बहुधा एकच सांगितले जाई: लंगोट न बांधता जड ओझे उचलले. तालमीतल्या पोराला वस्ताद प्रथम लंगोट बांधायला शिकवी, तो या समजुतीमुळेच. धाराशिव जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात गणला गेलेला असल्यामुळे वाढलेली अंडे ही येथे नवलाची गोष्ट नव्हती. त्या माणसाची मागे चेष्टा होई, समोर कोणी काही बोलत नसे, आणि तो स्वतः धोतराचा घोळ सैल करून दिवस काढी. कसल्याही सुजेला एकच नाव आणि एकच कारण असले की तीत वेगळी, घातक अशी एखादी गाठ असू शकते ही शंकाच उद्भवत नाही.

कर्करोग आणि माणसाचा व्यवसाय यांचे नाते युरोपात प्रथम ध्यानात आले तेही शरीराच्या याच भागात. लंडनचा शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंगाला चिकटलेली काजळी पुढे त्यांच्या वृषणाच्या पिशवीवरील त्वचेत कर्करोग उत्पन्न करते. एखाद्या धंद्याशी कर्करोगाची सांगड घालणारे हे पहिले निरीक्षण मानले जाते. आपल्याकडे असाच विचार डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे रोगनिदानशास्त्राचे काम पाहताना खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध करून भारतीय चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे तीन प्रकार मांडले, आणि त्यांत एक होता धोतराचा कर्करोग. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने तेथील कातडी प्रथम काळवंडते, मग जाड होते, आणि क्वचित तिच्यातून कर्करोग उद्भवतो. ढोकीच्या शिवारात त्या काळी बहुतेक प्रौढ पुरुष धोतर नेसत. तेव्हा कमरेवरचा काळा पट्टा हा मुंबईच्या प्रयोगशाळेत अभ्यासाचा विषय झाला आणि खेड्यात तो वयाचा दाखला राहिला.

यानंतरचा प्रसंग अप्रिय आहे, परंतु तो गाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या कुटुंबनियोजनाचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरले नाही. परंतु सक्ती कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत बार्शी शहरात नसबंदीची मोहीम चालली असता, बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना रस्त्यावरून उचलून नेल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले होते. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. वस्तुतः नसबंदी ही साधी व निर्धोक शस्त्रक्रिया. पण तिच्याभोवती जे भय जमले ते अद्याप विरलेले नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी केलेल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा एकाच्याही आत आहे. सरकारी माणसापुढे कमरेखालचे वस्त्र सोडावे लागणे म्हणजे काहीतरी गमावणे, ही धास्ती ज्या पिढीने घेतली तिने ती पुढच्या पिढीलाही न बोलता दिली असावी, असे मानायला पुष्कळ जागा आहे.

या भयाच्या पार्श्वभूमीवर पुढे बार्शीतच जे घडले ते विशेष उठून दिसते. तेथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ साली त्याच्या आश्रयाने ग्रामीण कर्करोग नोंदणीचे दफ्तर सुरू झाले. भारतात अशी नोंदणी मुंबईत १९६३ पासून होती, परंतु ती शहराची; खेड्यातला रोगी रुग्णालयापर्यंत येतच नसल्यामुळे रुग्णालयाच्या कागदांवरून खेड्याची गणना करणे व्यर्थ होते. म्हणून डॉ. भगवान नेने आणि टाटा स्मारकातील डॉ. कस्तुरी जयंत यांनी उलटा मार्ग धरला. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः जाऊ लागले. गावात सभा घ्यायची, कोणकोणती लक्षणे दिसली असता दुर्लक्ष करू नये ते साध्या मराठीत सांगायचे, कोणाला गाठ, व्रण वा रक्तस्राव आहे याची चौकशी करायची, संशयित माणसाला तपासणीला आणायचे आणि मृत्यू झाला असेल तर घरच्यांकडून त्याची इत्यंभूत हकीकत लिहून घ्यायची, असा तो क्रम होता. नोंदणीसाठी केलेल्या या बोलण्याचा परिणाम नोंदणीपेक्षा मोठा निघाला. काही वर्षांतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येत आहेत आणि अधिक काळ जगत आहेत. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते, केवळ माहिती नवी होती.

पुढे १९९९ च्या अखेरीस याच संस्थांनी लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न केलेल्या सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांच्या गटात ६४. तपासणीवाचून ठेवलेल्या या दुसऱ्या गटाविषयी नीतीचा प्रश्न पुढे उपस्थित झाला, आणि तो उपस्थित होणे योग्यच होते. तथापि, ज्या जिल्ह्याचे नाव दुष्काळाच्या याद्यांवाचून क्वचित छापले जाई, त्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले ते येथील शेतकरी स्त्रियांमुळे, हे विसरता येत नाही.

मग पुरुषांचे काय? ग्रामीण भारतातील नोंदींत शिश्नाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरांहून अधिक आढळते. स्वच्छतेचा अभाव, पुढची कातडी मागे न सरणे आणि तोच विषाणू ही त्याची मुख्य कारणे. हा रोग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, तरीही लाजेपायी रोगी महिनोन्‌महिने गप्प राहतो. वृषणाचा कर्करोग त्याहून वेगळा. तो आपल्याकडे विरळा आहे. डेन्मार्क, नॉर्वे या देशांत दर लाख पुरुषांमागे वर्षाला नऊ-दहा जणांना तो होतो, तर भारतातील बहुतेक नोंदणीक्षेत्रांत हे प्रमाण एकाच्याही आत आहे. परंतु तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे कारखान्यावर नुकत्याच लागलेल्या, लग्न ठरलेल्या पोराला तो गाठतो. जन्मतः ज्याचे अंड खाली उतरलेले नसते त्याला धोका अधिक. आणि त्याची खूण अशी की, ती गाठ सहसा दुखत नाही. आपल्याकडे दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणे हा वेळेचा अपव्यय समजला जात असल्यामुळे न दुखणे हाच येथे मोठा धोका ठरतो.

यातली दैवाची अनुकूलता अशी की, सर्व घन कर्करोगांत हा सर्वांत बरा होणारा. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा परिणाम पाहत असता प्लॅटिनमच्या एका संयुगाचा गुण अकस्मात त्यांच्या ध्यानी आला. त्यातून निघालेले सिसप्लॅटिन हे औषध इंडियानातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ साली वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर इतर औषधांबरोबर वापरले, आणि ज्या रोगात दहांतला एखादाच वाचे त्यात बहुसंख्य वाचू लागले. हे नाव ढोकीच्या तरुणाला अगदीच दूरचे नाही. २०११ चा विश्वचषक जिंकून देणारा युवराज सिंग पुढच्याच वर्षी अमेरिकेत उपचार घेत होता तो याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली. त्याची गाठ छातीत होती, पण जात हीच, बीजपेशींची. त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

तपासणी ती काय, तर मिनिटभराची. ऊन पाण्याने अंघोळ झाली की कातडी सैल होते. तेव्हा एकेक अंड अंगठा आणि बोटे यांमध्ये धरून हलकेच फिरवावे. एक थोडे मोठे व एक थोडे खाली असणे हे स्वाभाविक. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखे लागते ती बीजवाहिनीची गुंडाळी, तिला पाहून घाबरू नये. वाटाण्याएवढा कठीण खडा, एकाच बाजूचा जडपणा, आकारात झालेला फरक किंवा ओटीपोटात मंद ओढ जाणवली तर मात्र सोनोग्राफी व रक्तचाचणी करून घ्यावी. गाठ निघाली तर अंड काढतात ते जांघेतून छेद घेऊन, पिशवीला सुई न टोचता. आणि उरलेले एक निरोगी असले तर संसाराला व संततीला सहसा पुरेसे असते. दर महिन्याला असे पाहिलेच पाहिजे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. रोग विरळा आणि उपचार प्रभावी असल्यामुळे सर्वांना नियमाने तपासायला लावण्यात लाभ नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २००४ साली आणि पुन्हा २०११ साली सांगितले आहे. म्हणून येथे मोहिमेची, शिबिराची वा सक्तीची आवश्यकता नाही. सक्तीचा अनुभव तर या मुलखाने घेऊन झाला आहे. आपला देह नेहमी कसा असतो हे ठाऊक असावे आणि त्यात पालट झाला तर तो सांगता यावा, एवढेच पुरे.

देवणी वळू विकत घेताना येथला शेतकरी त्याचे दात, खूर, वशिंड पाहतो तसेच त्याची अंडेही हाताने चाचपून पाहतो, आणि त्यात कोणाला काही अनुचित वाटत नाही. तोच डोळसपणा स्वतःच्या देहाबाबत आणायला नवे शास्त्र शिकावे लागत नाही. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी ज्या गावांत स्त्रियांशी त्यांच्या सर्वांत खासगी दुखण्याविषयी बोलून दाखवले, त्याच पद्धतीने कारखान्याच्या कामगारांत, ऊसतोडीच्या टोळ्यांत, औद्योगिक प्रशिक्षणाच्या वर्गांत आणि तालमींत पुरुषांनी पुरुषांशी बोलण्याची तजवीज झाली, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. बोलण्याने रोगी लवकर येतो, हे या जिल्ह्याच्या सीमेवर तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. ते अर्ध्या लोकसंख्येपुरते मर्यादित ठेवण्याला वैद्यकाचे कोणतेही कारण नाही. जे आहे ते केवळ सवयीचे, आणि सवयी या मुलखाने याआधीही बदलल्या आहेत.