पनवेल तालुक्यांतील ग्रामशाळांचा कारभार व त्यांचें दप्तर

कळंबोली हें पनवेल तालुक्यांतील, पनवेल खाडीच्या परिसरांतलें आगरी वस्तीचें जुनें गांव. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग जेथून सुरू होतो व जेथें लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे, तें ठिकाण म्हणून तें आज सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखांत मात्र त्याचा विचार आम्हांस निराळ्या कारणासाठीं कर्तव्य आहे. अशा लहान गांवांतील प्राथमिक शाळेचा कारभार एका हातून दुसऱ्या हातीं कसा गेला, तिचा खर्च कोणीं सोसला आणि त्या कारभाराचे कागद कोणत्या दप्तरांत शोधावे, हें येथें सांगावयाचें आहे. आमचे संग्राहक मित्र एखादी सनद वा महजर दिसला कीं कोसच्या कोस चालत जातात. शाळेचा हजेरीपट दिसला म्हणजे मात्र तेच रद्दीवाल्यास बोलावितात. हा न्याय बरा नव्हे, असें आमचें नम्र मत आहे.

सरकारी शाळा येण्यापूर्वींची स्थिति वाचकांस परिचितच आहे. देवळाच्या पडवींत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओटीवर पंतोजी बसे. धुळाक्षरें, उजळणी, पावकी-निमकी व मोडी वळण एवढा अभ्यास, आणि मोबदला बहुधा धान्यरूपानें. या शाळेचा कारभार असा कांहीं नव्हताच. पंतोजी गेला कीं शाळाही उठे, व मागें कागद उरत नसे.

कारभारास आरंभ झाला तो कराबरोबर. इ. स. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें निराळें निघालें. पण खेड्यापर्यंत पोंचण्यास त्याच्यापाशीं पैसा नव्हता. १८६३ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानींत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला. या आण्याचे दोन हिस्से रस्ते इत्यादि कामांस व एक हिस्सा शिक्षणास, अशी वांटणी ठरली. पुढें १८६९ च्या कायद्यानें या पट्टीस कायमचें रूप आलें. आण्याचा तिसरा हिस्सा म्हणजे चार पै. कोंकणांतील ग्रामशाळेचा संसार रुपयामागें या चार पैंवर उभा राहिला.

हा हिशेब थोडा विस्तारानें मांडणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व कारभाराची किल्ली त्यांत आहे. समजा, एका भातशेतीच्या गांवाचा सरकारी धारा सालीना १००० रुपये आहे. त्याची आणेपट्टी ६२ रुपये ८ आणे होते. तिचा तिसरा हिस्सा २० रुपये १३ आणे ४ पै. मास्तरास दरमहा १२ रुपये द्यावयाचे म्हटलें तरी वर्षाचे १४४ होतात. म्हणजे एका मास्तरासाठीं अशा सुमारें सात गांवांची पट्टी एकत्र करावी लागे. इमारत, पाट्या, नकाशे हीं निराळींच. सरकारी मदत मिळे, पण तिनें हा मूळ हिशेब उलटत नसे. सारांश, शाळा एका गांवीं आणि पैसा सात गांवांचा! गांव हा शाळेच्या कारभाराचा घटक होऊंच शकत नव्हता. तालुका किंवा जिल्हा हाच घटक करणें भाग पडलें. 'आमच्या गांवीं शाळा द्यावी' या अर्जांचें मूळ येथेंच आहे. धारा भरणाऱ्या प्रत्येक गांवास आपण शाळेचे पैसे भरतों हें कळत होतें, आणि पोर मात्र खाडी ओलांडून दुसऱ्या गांवीं पाठवावें लागत होतें.

पैसा सर्वांचा, शाळा मात्र सर्वांस उघडी नाहीं, हा दुसरा विरोध त्याहून तीव्र होता. लोकलफंडापूर्वींच, १८५६ च्या जून महिन्यांत, धारवाड येथील एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मिळत नाहीं म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला होता. सरकारनें न्याय त्याच्या बाजूस आहे हें मान्य केलें आणि प्रवेश मात्र दिला नाहीं. विलायतेंतील डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचें तत्त्व पुढें स्पष्ट केलें. तथापि तत्त्व कागदावर व मुलगा ओसरीवर, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं राहिली. १९२३ च्या ऑगस्टमध्यें सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत संमत झाला, त्यांत सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांचा उल्लेख करावा लागला. यावरून मधल्या ६७ वर्षांत किती अंतर कापलें गेलें हें वाचकांनींच मोजावें. पनवेल ज्या जिल्ह्यांत येतें त्याच कुलाबा जिल्ह्यांत, महाड येथें, या ठरावाच्या पाठोपाठ १९२७ चा सत्याग्रह झाला.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें तें या दृष्टीनें फार मोलाचें आहे. सरकारी उत्पन्नाचा बहुतेक भाग रयतेच्या श्रमांतून येतो व शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांस होतो, हें त्यांचें मुख्य म्हणणें. परंतु कारभाराच्या अभ्यासकास त्यांतील बारीक सूचना अधिक उपयोगी आहेत. मास्तर शेतकरी वर्गांतून यावे; शिकून तयार झालेल्या मास्तरास दरमहा निदान १२ रुपये मिळावे; त्यास गांवचे हिशेब तपासणें, दस्त नोंदणें, टपाल वा स्टांप विकणें असलें एखादें काम जोडून द्यावें म्हणजे गांवांत त्याचें वजन वाढेल, असें ते सुचवितात. अभ्यासक्रमांत ते बाळबोधीबरोबर मोडी मागतात व शेतकीचें ज्ञानही मागतात. ज्यास कुळकर्ण्याच्या दप्तराचा जाच ठाऊक आहे त्यासच मोडीचें महत्त्व असें कळावें! मास्तराकडे टपालाचें काम असणें ही पुढें आपल्या खेड्यांतून नेहमींची गोष्ट झाली.

याच सुमारास पनवेल तालुक्याच्या दप्तरांत एक वळण आलें, त्याकडे संशोधकांनीं अवश्य लक्ष द्यावें. १८८३ पर्यंत पनवेल ठाणें जिल्ह्यांत होतें; त्या सालीं तें कुलाब्यांत आलें. म्हणून पनवेलची माहिती १८८३ च्या कुलाबा ग्याझेटियरांत शोधणारा निराश होतो; ती १८८२ च्या ठाणें ग्याझेटियरांत आहे. शाळाखात्याच्या कागदांसही हाच नियम लावावा. १८८३ पूर्वींचें ठाण्याच्या नांवें, नंतरचें अलिबागच्या नांवें.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावास अनुसरून १८८४ चा लोकलबोर्डाचा कायदा झाला, व खेड्यांतील शाळा जिल्हा व तालुका बोर्डांकडे आल्या. पनवेल शहरास १८५२ पासून म्युनिसिपालिटी होती. कळंबोलीसारखीं गांवें तिच्याबाहेर, म्हणून बोर्डाखालीं. बोर्डाचे कांहीं सभासद निवडलेले, कांहीं नेमलेले व आरंभीं अध्यक्षस्थानीं कलेक्टर. पैसा बोर्डाचा, पण अभ्यासक्रम, परीक्षा व तपासणी विद्याखात्याचीच. गांवास बोर्ड दिसत नसे. दिसत असे तो डेप्युटी, लोकांच्या तोंडचा 'दिपोटी'. तो येणार म्हणजे शाळा सारवून घ्यावयाची, गैरहजर पोरें शेतांतून धरून आणावयाचीं, आणि तो गेल्यावर शेरेबुकांत काय लिहिलें तें मास्तरानें धडधडत्या छातीनें वाचावयाचें.

१९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें अधिकार खरोखर खालीं उतरले. या कायद्याच्या वेळीं रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री होते. प्रत्येक जिल्हाबोर्डास स्कूलबोर्ड मिळालें. मास्तरांच्या नेमणुका व बदल्या त्याच्या हातीं आल्या. सक्तीच्या शिक्षणाच्या मंजूर वाढीव खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारनें द्यावा असें ठरलें. पुढें मंदीचीं वर्षें आलीं व सरकारचा हात आखडला. शिवाय बोर्डाची निवडणूक आणि मास्तराची बदली यांचें नातें जुळूं लागलें. मास्तर गांवांत चार अक्षरें जाणणारा व चार मतें फिरवूं शकणारा माणूस. त्याला राजकारणापासून अलिप्त कोण ठेवणार? १९३८ सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळीं कायदा दुरुस्त होऊन स्कूलबोर्डाचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर सरकारी नोकर झाला. त्याच सालीं तालुकाबोर्डेंही बंद झालीं. १९४७ च्या नव्या कायद्यानें हीच दिशा कायम केली. स्थानिक लोकांस अधिकार देऊन पंधरा वर्षांत तो परत घेण्यांत आला. आमच्या मतें हा लोकांच्या नालायकीचा पुरावा नव्हे. चार पैंच्या पायावर उभ्या केलेल्या संस्थेवर सक्तीच्या शिक्षणाचें ओझें टाकलें, तेव्हांच ती वांकणार हें ठरलें होतें.

१ मे १९६२ पासून जिल्हापरिषदा सुरू झाल्या. स्कूलबोर्डाच्या जागीं शिक्षणसमिति व शिक्षणाधिकारी आले. तालुक्यास पंचायतसमिति व विस्तार अधिकारी. रयतेची पट्टी राहिलीच. १९६१ च्या कायद्यांत ती महसुलाच्या दर रुपयास २० पैसे अशी दिसते. परंतु कळंबोलीच्या बाबतींत पुढें जें घडलें तें अपूर्व होय. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील गांवांच्या जमिनी संपादन होऊं लागल्या. ज्या भातखाचरांच्या धाऱ्यांतून शाळेचा आणा निघत असे तीं खाचरेंच गेलीं. गांवठाण व गांवची शाळा मात्र जागच्या जागीं राहिली. १ जानेवारी १९८१ रोजीं जिल्ह्याचें नांव कुलाब्याचें रायगड झालें. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अंमलांत येऊन शाळा व्यवस्थापन समिति आली. तींत पाऊण हिस्सा पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गांवास शाळेच्या कारभारांत कायद्यानें आसन मिळालें तें तेव्हां, म्हणजे ज्या पिढीपाशीं कसावयास शेत उरलें नव्हतें तिच्या वेळीं. आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका होऊन कळंबोली तिच्या हद्दींत गेली, तेव्हां हद्दींतील जिल्हापरिषदेच्या शाळा कोणीं चालवाव्या हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

प्रत्येक हस्तांतराच्या वेळीं इमारत, मास्तर व मुलें यांची यादी होते. दप्तराची क्वचित् होते. हेंच भय आम्हांस बोलून दाखवावयाचें आहे. जनरल रजिस्टर म्हणजे दाखल-खारिजाची वही, हजेरीपट, पगारपत्रक, जडवस्तूंची नोंदवही, आवक-जावक आणि शेरेबुक असा हा संभार. यांपैकीं जनरल रजिस्टर टिकतें, कारण दाखल्यासाठीं लोक त्याच्याकडे येतात. आगरी कुटुंबास इतर मागासवर्गीय म्हणून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा व अनुसूचित जातीच्या कुटुंबास १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा पुरावा लागतो, तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या नोंदीवरूनच निघतो. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां शाळांचीं जुनीं रजिस्टरें राज्यभर उघडलीं गेलीं, आणि मोडी वाचणारांस एकाएकीं बोलावणीं येऊं लागलीं. आमच्या विद्येची एवढी चाड सरकारला फार दिवसांनीं वाटली!

परंतु शेरेबुक व आवक-जावक यांस कोणी विचारीत नाहीं, कारण त्यांवरून कोणासही दाखला मिळत नाहीं. ओसरीवर बसणारा मुलगा आंत केव्हां आला, सक्तीच्या वर्षीं पट किती फुगला, भातलावणीच्या दिवसांत वर्ग कां रिकामा असे, गांवानें शाळेसाठीं जागा कोणत्या अटीवर दिली, हें सर्व शोधावयाचें तें यांतच. म्हणून पनवेल, उरण व पेण या भागांत जाणाऱ्या आमच्या सभासदांस विनंति आहे कीं, शाळेंत गेल्यावर केवळ जनरल रजिस्टर मागून थांबूं नये. मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें १९६२ पूर्वींचें शेरेबुक कपाटाच्या वरच्या फळीवर आहे कीं काय तें पाहावें, तेथल्या तेथें त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, व मूळ वही जागेवरून हलवूं नये.